ढगात ठेवलेली मारामारी

वैजापूर तालुक्यात लग्नं पुष्कळ लागली आणि लग्नांत मारामाऱ्याही पुष्कळ झाल्या, पण माऊलीच्या लग्नात झाली तशी मारामारी पुन्हा होणे नाही. अंतरपाट धरणारे दोघे तो धरल्या हातानिशीच मांडवाबाहेर पळाले, आणि नवरा-नवरीनं एकमेकांचं तोंड पाहिलं ते थेट सरकारी दवाखान्यात, दोघांनाही टाके पडत असताना.

कारण म्हणावं तर एवढंसं. माऊली हा नानासाहेबांचा चुलतभाऊ. त्याच्या लग्नपत्रिकेत खाली भावकीची नावं होती, आणि त्यात धाकट्या सर्जेरावाचं नाव थोरल्या नानासाहेबांच्या वर छापलेलं होतं. नानासाहेब पंगतीत बसून इतकंच म्हणाले, "छापणाराला अक्कल नसंल, पण मजकूर देणाराला तरी असावी का नसावी?" मजकूर सर्जेरावनं दिला होता. तो नेमका समोर वरण वाढत होता. त्यानं बादली उचलली आणि थोरल्या भावाच्या टकलावर उपडी घातली, वरणासकट. वरण इतकं कढत होतं की नानासाहेबांच्या डोक्यावर शिल्लक असलेले केस त्याच दिवशी गेले ते गेलेच.

मग नानासाहेब उठले. त्यांनी बादलीतलंच वगराळं हाणलं, ते सर्जेरावच्या कानशिलावर बसलं आणि दांड्यापाशी वाकून त्याचा आकडा झाला. बघता बघता भावकी उभी फाटली. आचाऱ्याच्या झाऱ्यानं कुणाची दाढ पडली, ती दुसऱ्याच्या बुंदीत सापडली. एकानं एकाच्या दंडाला असा चावा घेतला की सोडवायला सांडशी आणावी लागली. बँडवाल्यांना वाटलं पाहुणे रंगात आलेत, म्हणून त्यांनी ताल वाढवला. आणि व्हिडिओवाला टेबलाखाली दडला खरा, पण त्याचा कॅमेरा चालूच राहिला.

त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. भावकीतली सगळ्यांत मोठी म्हणजे त्यांची आत्या, मनकर्णाबाई. हातात बाभळीची काठी, आणि ती टेकायला कमी आणि हाणायला जास्त. तिनं हुकूम काढला होता: "ज्यानं पहिला हात उचलला, त्यानं भावकीसमोर दुसऱ्याला फेटा बांधायचा. तोवर एकानं दुसऱ्याच्या कार्याला जायचं नाय, आन् भावकीनं दोघांच्याही जायचं नाय."

सर्जेराव म्हणायचा, बादलीच्या आधी भाऊनं पंगतीतून माझ्या गुडघ्यावर बुक्की घातली. नानासाहेब म्हणायचे, साफ झूट. आणि खरं काय ते एका जागी नोंदलेलं होतं, नानासाहेबांच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरी, कॉम्प्युटरमध्ये. कारण व्हिडिओवाल्यानं एकच प्रत काढून ती त्यांना दिली, भीतीपोटी आपल्याकडची पुसून टाकली होती आणि धंदाच बदलून रसवंती टाकली होती.

वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक पोथी वाचतात, नानासाहेब ती मारामारी पाहायचे. रोज चहानंतर. बादलीपाशी आले की थांबवायचे. भावाचं मनगट, बादलीचा काठ आणि आपलं टक्कल, तिन्ही एका रेषेत. गुडघ्यावरची बुक्की कुठंच नाही. हे डोळे भरून पाहिलं की त्यांना जेवण जायचं. पण ते दाखवायला आपण कुणाच्या दारात जायचं नाही, ज्याला पाहायचं त्यानं यावं, हा थोरलेपणाचा ताठा.

एरवी हे असंच चाललं असतं. पण त्यांच्या लेकीचं, अमृताचं, लग्न ठरलं आणि तिनं स्पष्ट सांगितलं, "काका नसले तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही. अन् भावकीतलं एक माणूस नाही, असं लग्न मला करायचं नाही." लहानपणी तिला खांद्यावर बसवून उसात हिंडवणारा तो एकच काका. आता निकाल लागल्याशिवाय गती नव्हती. मनकर्णाबाईनं पुढचा रविवार धरला: भावकी गारखेड्यात येणार, टीव्हीवर मारामारी पाहणार, आणि ज्याचा पहिला हात त्यानं तिथल्या तिथं फेटा बांधायचा.

नानासाहेबांना काळजी नव्हती. फेटा सर्जेरावनं आणायचा, आपण फक्त डोकं पुढं करायचं. थोरल्या भावाचं डोकं वाकणार नव्हतं, हीच त्यांची आयुष्याची कमाई. पण त्याच आठवड्यात कॉम्प्युटरच्या पोटातून टक्-टक् असा आवाज यायला लागला, लाकडात किडा लागावा तसा.

"हार्ड डिस्क चालली, नाना," अमृता म्हणाली. ती उस्मानपुऱ्यात एका हिशेबनिसाच्या कचेरीत कामाला, तिला यातलं कळायचं. "आजच्या आज ऑनलाइन बॅकअप घेऊ. म्हणजे घरातलं मशीन मेलं तरी व्हिडिओ शाबूत."

"कुठं शाबूत?"

"कंपनीच्या मशीनवर. क्लाउडमध्ये. ढगात म्हणा."

"ढगात?" नानासाहेबांनी खिडकीतून वर पाहिलं. "आन् ती ढगातली जागा कुणाच्या नावावर?"

"तेच तर निवडायचंय." तिनं खुर्ची ओढली. "तीन कंपन्या बघितल्यात मी. ही पहिली एकदम सोपी. इथं जे असेल ते तिथं. पण इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं."

"मग काय उपयोग तिचा? आपलं घर पेटलं की शेजाऱ्यानंही पेटवून घ्यायचं, असली कंपनी!"

"बरोबर. दुसरीत कुलूप आपलं, किल्ली आपली. कंपनीलासुद्धा उघडता येत नाही. पण किल्ली विसरलात की कायमचं बंद."

स्वयंपाकघरातून अमृताची आई सुरेखाबाई म्हणाल्या, "नको गं बाई. चष्मा कपाळावर ठेवून घरभर हुडकणारं माणूस ते."

"तू कणीक मळ!"

"मळतेच आहे. तुमचं तोंड समजून."

अमृता हसली. "तिसरी मला पटते. फाइल कुणी पुसली, कुणी बदलली, तरी आधीची प्रत महिनाभर सांभाळून ठेवते. परत मागितली की देते. शिवाय हिच्यात कुटुंब योजना आहे. घरातले चार-पाच जण एकच जागा वापरतात."

नानासाहेबांचे कान तिथंच उभे राहिले. आधीचं महिनाभराचं जे काही होतं ते त्यांच्या डोक्यावरून वरणासारखं वाहून गेलं.

"म्हंजे सामाईक?"

"हो, तसं म्हणा."

"ठरलं. हीच."

नानासाहेबांना सामाईक म्हणजे काय ते रक्तात माहीत होतं. दोघा भावांची जमीन अजून एकाच गटात होती. त्या गटाच्या बांधावरची बाभूळ वादळात आडवी पडली, ती दोघांच्या सह्यांवाचून कुणी उचलेना, आणि तिथंच कुजून तिच्यावर दुसरी बाभूळ उगवली. विहिरीत पडलेला पोहराही सर्जेरावच्या होकाराशिवाय काढता आला नव्हता. तेव्हा व्हिडिओ सामाईक जागेत ठेवला की ब्रह्मदेवालाही त्यात काडी घालता यायची नाही. शिवाय 'भाऊनं घरी बसून काटछाट केली' असं म्हणायलाही सर्जेरावला तोंड राहणार नाही.

"नाना, तिथं कुणाची सही लागत नसते," अमृता म्हणाली.

"पोरी, सही सगळीकडं लागती. तुला सातबारा ठाऊक नाय."

ती कामावर गेल्यावर त्यांनी स्वतः बसून धाकट्या भावाला त्या जागेत पुरा हक्कदार केला. बोलणं बंद असल्यामुळं मोबाइलवर नुसतं आमंत्रण धाडलं. तिकडून थोड्या वेळानं नुसता अंगठा आला. 'अंगठा दिला, आता बांधला गेला,' असं म्हणून नानासाहेबांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

व्हिडिओ चढायला लागला तो मुंगीनं गूळ न्यावा तसा. मध्येच वीज गेली, तर नानासाहेबांनी मीटरच्या पेटीला अशी लाथ घातली की अख्ख्या गल्लीची आली. वाय-फायचा डबा झोपला, तर त्याच्या दोन्ही अँटेना धरून त्याला कान धरल्यासारखा गदागदा हलवला. शेवटी पूर्ण झाल्याची हिरवी खूण दिसली. आणि तिकडं टक्-टक् थांबली ती कायमची. हार्ड डिस्क मेली होती. नानासाहेबांनी तिला एक फुलही वाहिलं नाही. ढग होता ना.

रविवारी भावकी आली. जीपमधून, दुचाकीवरून, एक जण तर कांद्याच्या टेम्पोत. दिवाणखान्यात सतरंजी टाकली होती. मनकर्णाबाई मधोमध खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. सर्जेराव सगळ्यांत शेवटी आला. काखेत फेट्याचं केशरी कापड होतं. ते पाहून नानासाहेबांच्या छातीत गोड गोड झालं. हरायची तयारी करूनच आलाय.

अमृतानं नव्या डिस्कवर व्हिडिओ सकाळीच उतरवून ठेवला होता, पण पाहुण्यांच्या गडबडीत तो उघडून पाहायला कुणालाच सवड झाली नव्हती. ती चहाच्या कपबशा घेऊन आत गेली आणि नानासाहेबांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं.

पंगत दिसली. पत्रावळ्या दिसल्या. नानासाहेब काहीतरी बोलताना दिसले. आणि लगेच, मध्ये काहीही न होता, नानासाहेब वगराळं उगारून उठलेले दिसले आणि ते सर्जेरावच्या कानशिलावर सणसणीत बसलेलं दिसलं.



"ह्याच्या तोंडावर वरण कसं काय?" मनकर्णाबाईनं डोळे बारीक केले.

"खाताना सांडलं असंल, आत्या," सर्जेराव गरिबासारखा म्हणाला. "त्याचं खाणं तुला म्हाईत नाय का?"

"वरून खाली सांडतंय, मुडद्या! डोक्यानं खातो का तो?"

नानासाहेबांनी मागं नेलं, पुढं आणलं, पुन्हा मागं नेलं. बादली नव्हती. मनगट नव्हतं. रोज चहानंतर पाहिलेलं, आयुष्याची कमाई असलेलं ते दृश्य त्या फाइलीत नव्हतं.

"सर्ज्या," ते हळू म्हणाले, "मधलं कुठं गेलं?"

"मधलं माझं व्हतं."

"म्हंजे?"

"सामाईक केलं ना तू? मग माझी वाटणी मी काढून घेतली." सर्जेरावनं हात झटकले. "वैजापुरात मोबाइलच्या दुकानात बसून, निम्मं मोजून कापलं बघ. बादलीचं माझं. वगराळ्याचं तुझं. तुझ्याला बोट लावलं नाय, देवाशप्पथ!"

"सही? माझी सही कुठं घेतली?"

"लागलीच नाय. बटण दाबलं, कापलं गेलं. लई सोपं हाय ते. चांगली कंपनी निवडली भाऊ तू."

भावकीतलं कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू नानासाहेबांच्या कानात गेलं आणि डोळ्यांतून लाल होऊन बाहेर आलं. पायाशी कॉम्प्युटरचं खोकं होतं. नव्या डिस्कचं, अजून गरम. नानासाहेबांनी ते तारांसकट उपटलं, डोक्याच्या वर नेलं आणि धाकट्या भावाच्या तोंडावर आदळलं.

सर्जेरावचे पुढचे दोन दात आधी उडाले आणि मग तो. दात पंख्याला लागून खिडकीच्या जाळीत अडकले. सर्जेराव टीव्हीला लागून टीव्हीत अडकला. काच फुटून त्याचं डोकं नेमकं तिथं गेलं जिथं एक क्षणापूर्वी त्याच्याच कानशिलावर वगराळं बसत होतं. तिथून तो बाहेर आला तो रक्तानं माखलेला नरसिंहासारखा, आणि भावाच्या पोटात त्यानं अशी मुसंडी मारली की नानासाहेब दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत विनाथांबा गेले.

"नाना, थांबा!" अमृता ओरडली. "ऐका तरी! जुनी प्रत—"

कोण ऐकतंय! नानासाहेबांनी ओट्यावरची परात घेतली. सर्जेरावच्या खांद्यात ती गळ्याजवळ बसली, आणि आत काहीतरी वाळकी काडी मोडावी तसं मोडलं. सर्जेरावनं त्या मोडक्या खांद्यानिशी दुसऱ्या हातानं की-बोर्ड उचलला आणि भावाच्या कपाळावर दोन तुकडे केला. बटणं लाह्यांसारखी उडाली. त्यातलं एक नानासाहेबांच्या भुवईवर रुतून बसलं, आणि त्याच्या चारी बाजूंनी रक्त पाझरायला लागलं. मग माउसची वायर. ती एकानं दुसऱ्याच्या गळ्याला आवळली. कुणी कुणाच्या हे सांगता यायचं नाही, कारण दोघंही निळे पडले होते. सुरेखाबाईंनी लाटणं घेतलं आणि ज्याची पाठ वर दिसेल त्याला हाणलं. नवरा-दीर असा भेद त्यांनी केला नाही. भावकीची जुनी फूट पुन्हा उघडली. कांद्याच्या टेम्पोवाल्यानं कुणाच्या तरी बोटाला मागचंच वैर काढून चावा घेतला. सतरंजीचं रंगरूप बदललं. गल्लीतली कुत्री दारापर्यंत आली, आत पाहिलं, आणि शेपट्या घालून परत गेली.

हे थांबवलं बाभळीच्या काठीनं. मनकर्णाबाई खुर्चीतून उठली आणि तिनं सरसकट सुरुवात केली. डोकं, पाठ, घोटा, पुन्हा डोकं. तिच्या वयाकडं पाहून कुणी काठी धरायला गेलं नाही, आणि जो गेला त्याचं मनगट सुजलं. शेवटी नुसत्या कण्हण्याचे आवाज राहिले. दोघे भाऊ ओट्याला टेकून एकमेकांशेजारी बसले होते. एकाचा खांदा लोंबत होता, दुसऱ्याचा एक डोळा मिटला होता.

तेव्हा कुठं अमृताचं बोलणं ऐकू आलं. ती फोन हातात घेऊन रडत उभी होती, पण रडण्यापेक्षा तिला चीड जास्त आली होती.

"पहिल्या फटक्यापासून ओरडतेय मी! ती कंपनी जुनी प्रत महिनाभर ठेवते. काकांनी कापलं, तरी आधीचं होतं तिथंच आहे. हे बघा, मागितलं, आलं!"

फोन मनकर्णाबाईच्या हातात गेला. तिनं तो डोळ्यापासून लांब धरून पाहिला. नानासाहेबांना चित्र दिसत नव्हतं, पण आवाज त्यांना पाठ होता. आपलं वाक्य. मग बादलीचा खणखणाट. गुडघ्यावर बुक्की कुठंच नाही. एका उघड्या डोळ्यानं ते धाकट्या भावाकडं वळले.

"बघ," ते म्हणाले. तोंडातून रक्ताचा फुगा आला नि फुटला. "बघ, पहिला हात कुणाचा!"

सर्जेरावनं मान खाली घातली.

"सर्ज्याचा," मनकर्णाबाई म्हणाली. "साफ दिसतंय. आन् वर खोटंबी बोलला, कापाकापीबी केली." तिनं काठीचं टोक सर्जेरावच्या चांगल्या खांद्यात खुपसलं, तो कळवळला. मग तेच टोक नानासाहेबांच्या छातीवर आलं. "पण ती झाली जुनी मारामारी. आजची नवी. हिचा पहिला हात बघायला मला फोन नाय लागत. तमाम भावकीनं उघड्या डोळ्यांनी बघितला."

"पण आत्या, माझं खरं निघालं ना!"

"निघालं की. खोकं खाली ठिवून, हात बांधून बसला असतास तर आत्ता डोक्यावर फेटा असता. नव्या भांडणानं जुनं मिटतं, नान्या. आपल्यात हीच रीत हाय. तुझ्या बापाच्या येळेपासून."

रीत होती. नानासाहेबांना ती माहीत होती. बापानं याच रीतीनं त्यांच्या चुलत्याला फेटा बांधलेला त्यांनी लहानपणी पाहिला होता, बापाच्या डोक्याला तेव्हा पाच टाके होते. इतकी वर्षं सांभाळलेला पुरावा अखेर जसाच्या तसा परत मिळाला होता, एक क्षणही न हरवता, आणि आता त्याला कवडीची किंमत नव्हती.

"न्हाय बांधणार," ते म्हणाले.

मनकर्णाबाईनं काठी उचलली नाही. अमृता पुढं आली, वाकली, आणि बापाच्या भुवईवर रुतलेलं बटण तिनं नखानं उपसून काढलं. नानासाहेब किंचाळले.

"नका बांधू," ती म्हणाली. "मुलाकडच्यांना मी सांगते, लग्न नाही म्हणून. आत्ताच फोन लावते."

तिनं मनकर्णाबाईच्या हातातून फोन घेतला आणि खरंच नंबर काढला. अंगठा बटणावर गेला. लेक आपलीच आहे, बोलली की करते, हे नानासाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी ओट्याची कड धरली आणि एका पायावर उभे राहिले.

"आण ते कापड."

फेटा उलगडला. केशरी रंगाला जागोजाग लाल बोटं उमटली. नानासाहेबांनी एक टोक भावाच्या तोंडाशी नेलं. "धर दातात. न्हाय तर गुंडाळू कसा?"

सर्जेरावनं तोंड उघडलं. पुढं दात नव्हतेच. कापड धरायला गेला की सटकायचं. डावा खांदा मोडलेला, उजवा हात माउसची वायर आवळून आवळून बधिर झालेला. दोन-तीनदा प्रयत्न करून झाला. मग नानासाहेबांनीच ते टोक आपल्या दातांत धरलं. त्यांचे अजून बरेचसे शिल्लक होते. टोक दातात घट्ट, म्हणून तोंड भावाच्या कपाळाला टेकवावं लागलं, आणि दोन्ही हातांनी त्यांनी पीळ घालायला सुरुवात केली. एक वेढा. दुसरा. जखमेवरून गेला की सर्जेराव विव्हळायचा, आणि नानासाहेब तिथंच जरा जास्त आवळायचे.

तोंड कपाळाला लागलेलं. एकाचं रक्त दुसऱ्याच्या डोळ्यात जात होतं.

"भाऊ," सर्जेराव अगदी हळू म्हणाला, "एवढ्या जवळनं डोक्यानं एक धडक दिली ना, तर नाक तुझं पार आत जाईल बघ."

"दे की," नानासाहेब दातांतल्या कापडातून म्हणाले.

सर्जेरावनं आत्याच्या काठीकडं पाहिलं. भावकीकडं पाहिलं. अमृताच्या हातातल्या फोनकडं पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "पहिला मी न्हाय मारणार."

नानासाहेबांनी तिसरा वेढा आवळला.